बाखच्या पंगतीला केरीच्या केसरबाई

गोव्यात केरी नावाची तीन गावं आहेत. पेडण्यातली केरी तेरेखोल नदीच्या मुखाशी, समुद्राला लागून. सत्तरीतली केरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. आणि फोंड्यातली केरी सावईवेरेच्या बाजूला, कुळागरांच्या सावलीत. पहिलीकडे पर्यटक जातात, दुसरीतून बेळगावची वाहनं जातात. तिसरीकडे मुद्दाम वाट वाकडी करणारा माणूस बहुधा विजयादुर्गेच्या दर्शनाला आलेला असतो, नाहीतर गाण्याच्या वेडानं. या तिसऱ्या केरीत 13 जुलै 1892 रोजी केसरबाई केरकर जन्मल्या. त्यांचा आवाज आज पृथ्वीपासून अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास पोचला आहे आणि दर सेकंदाला आणखी सतरा किलोमीटर पुढं सरकतो आहे.

1977 साली अमेरिकेच्या ‘नासा’नं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी बसवली होती. वाजवायची गती मिनिटाला 16⅔ फेरे. तीवर 55 भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यांत मराठीही आहे. सुमारे नव्वद मिनिटांचं संगीत आहे, एकूण 27 तुकडे. त्यातला पहिला तुकडा योहान सेबास्टियन बाखच्या दुसऱ्या ब्रांडेनबुर्ग कन्चेर्तोचा. बाखला त्या तबकडीवर एकूण तीन जागा मिळाल्या आहेत. हिंदुस्थानी संगीताला एकच, आणि ती केसरबाईंची: भैरवीतली ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटांची.

युरोपातल्या बरोक काळाचा हा महारथी आणि अंत्रुज महालातली, म्हणजे फोंड्यातली, ही गायिका एका तबकडीवर शेजारी आले, ही गोष्ट गोव्यात अभिमानानं सांगितली जाते. तो अभिमान योग्यच आहे. पण या दोघांचं साम्य आणखी खोल आहे. दोघंही काही काळ हरवले होते. दोघांनाही दुसऱ्या कुणीतरी शोधून बाहेर काढलं. फरक आहे तो, हरवलेलं परत कशातून मिळालं यात. बाख कागदातून परत आला. केसरबाई एका खोक्यातून आल्या, आणि त्यांच्या गाण्याचा फार मोठा भाग त्या खोक्यात मावलेला नव्हता.

कपाटातलं संगीत

बाख 1750 साली लाइपझिगमध्ये वारला. तिथं सेंट टॉमसच्या शाळेत संगीताचा प्रमुख म्हणून त्यानं पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी एक नवा कँटाटा लिहून, बसवून, चर्चमध्ये सादर केला होता. कँटाटा म्हणजे गायक, कोरस आणि वाद्यवृंद यांच्यासाठी बांधलेली, अनेक भागांची गायनरचना. मृत्यूनंतर त्याचे कागद मुलांमध्ये वाटले गेले. कार्ल फिलिप इमानुएलनं आपला वाटा जपला. थोरल्या विल्हेल्म फ्रीडेमाननं पैशाच्या ओढगस्तीत आपल्या वाट्याचे कागद विकले. आज बाखचे सुमारे दोनशे कँटाटा हाती आहेत. बाकीचे गेले ते गेले.

जे उरले त्यांनाही ऐकणारे नव्हते. बाख तेव्हा जाणकारांपुरता, अभ्यासाच्या पुस्तकातला बाख होता. 11 मार्च 1829 रोजी बर्लिनच्या झिंग-अकादमीत वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सोननं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ उभं केलं, तेव्हा चित्र पालटलं. त्या कृतीची नक्कल त्याला त्याच्या आजीनं भेट दिलेली होती. लाइपझिगबाहेर ती प्रथमच वाजत होती, आणि ती लिहिली गेल्याला शंभर वर्षं उलटून गेली होती.

ही मालिका अजून संपलेली नाही. त्याच झिंग-अकादमीचा हस्तलिखित संग्रह दुसऱ्या महायुद्धात नाहीसा झाला, 1999 साली कीव्हमध्ये सापडला आणि 2001 साली बर्लिनला परतला. त्यात पुढं विवाल्दीच्या ‘मोतेझुमा’ या हरवलेल्या ऑपेराचं संगीत मिळालं. तोवर त्याचे फक्त शब्द ठाऊक होते. 2005 साली वायमारमध्ये मिखाएल माउल या संशोधकाला बाखची एक अज्ञात आरिया सापडली. वायमारच्या ड्यूकच्या वाढदिवसासाठी बाखनं ती 1713 साली लिहिली होती. आदल्या वर्षीच तिथल्या आना अमालिया ग्रंथालयाला मोठी आग लागली होती. ही कागदपत्रं त्याआधीच दुरुस्तीसाठी बाहेर गेली होती, म्हणून वाचली. सापडल्यावर काही महिन्यांत जॉन एलियट गार्डिनरनं ती ध्वनिमुद्रित केली. जवळजवळ तीनशे वर्षं मुकी असलेली रचना पुन्हा गाती झाली, कारण स्वर कागदावर होते आणि ते वाचता येणारी माणसं होती.

नदीचे दोन काठ

हे बरोक संगीत गोव्याला परकं नव्हतं. 1663 साली सेंट इग्नेशियसच्या सणाला जुन्या गोव्यात जेझुइटांच्या मठात सात कोरसचं गायन झालं. हजर असलेल्या जुझेप्पे दि सांता मारिया सेबास्तियानी या इटालियन धर्माधिकाऱ्यानं लिहून ठेवलं आहे, की आपण रोममध्येच आहोत असं त्याला वाटलं. रचना कारिस्सिमीची आहे, असं त्याला सांगण्यात आलं. जाकोमो कारिस्सिमी म्हणजे त्या काळच्या रोममधला कँटाटा आणि ओरातोरियो यांचा सर्वांत नावाजलेला रचनाकार, आणि तेव्हा तो हयात होता. गाणारे मात्र स्थानिक होते. त्यांच्या तयारीचं त्या पाहुण्याला नवल वाटलं.

हे नवल चर्चच्या शाळांनी घडवलं होतं. पोर्तुगीजांच्या पॅरिश शाळांत मुलांना वाचनलेखनाबरोबर सोल्फा शिकवत, व्हायोलिन हाती देत. कागदावरचं संगीत वाचणारा समाज तिथं पिढ्यान्‌पिढ्या तयार झाला. त्याचे वारस विसाव्या शतकात मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनचे संयोजक सेबास्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं.

त्याच काळात नदीपलीकडे, अंत्रुजात, वेगळंच चाललं होतं. सोळाव्या शतकात तिसवाडी आणि साष्टीतली देवळं पाडली गेली, तेव्हा देव रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून इकडं आले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्णेची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. 1675 साली शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला. कवळ्याचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळात नारोराम मंत्री यांच्या पुढाकारानं उभं राहून 1738 साली पुरं झालं. त्या वर्षी बाख लाइपझिगमध्ये होता. फोंडा पोर्तुगिजांकडं गेला तो 1763 साली, नव्या काबिजादींत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखात. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. देवळं राहिली, आणि देवळांबरोबर त्यांचा चौघडा, पालखी आणि कलावंतीण राहिली.

देवाची सेवा म्हणून गाणाऱ्या-नाचणाऱ्या या बायकांना समाजानं प्रतिष्ठा दिली नाही. पण गाणं त्यांच्याच घरांत टिकलं. या एका तालुक्यानं किती गायक दिले ते पाहा. केरीच्या केसरबाई, बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी. 1927 साली त्यांच्या समाजाची ‘गोमंतक मराठा समाज’ ही संस्था स्थापन झाली, मुलींच्या हाती पाटीपेन्सिल आली आणि ती जुनी व्यवस्था मोडली. ती मोडली हे उत्तमच झालं. तिच्याबरोबर जे गाणं वाऱ्यावर गेलं त्याची मोजदाद करायला मात्र तिथं कागद नव्हता.

पाच गुरू

केसरबाई आठ वर्षांच्या असताना कुटुंब कोल्हापूरला गेलं. तिथं अब्दुल करीम खाँसाहेबांकडं आठ महिने तालीम झाली. गोव्यात परतल्यावर मांडवीपलीकडं, डिचोलीजवळच्या लामगावात रामकृष्णबुवा वझे येत, तेव्हा त्यांच्याकडं शिक्षण झालं. सोळाव्या वर्षी मुंबई. तिथं सेठ विठ्ठलदास द्वारकादासांच्या आधारानं सतारिये बरकतुल्ला खाँ यांच्याकडं, मग भास्करबुवा बखले यांच्याकडं काही काळ. आणि शेवटी, 1921 पासून, अल्लादिया खाँ. त्यांची तालीम सुरू झाली तेव्हा बाई जवळजवळ तिशीच्या होत्या. अकरा वर्षं ती तालीम अखंड चालली आणि खाँसाहेब 16 मार्च 1946 रोजी गेले तोवर शिकणं थांबलं नाही.

या गुरूंपैकी अब्दुल करीम खाँ आणि वझेबुवा तबकडीवर ऐकता येतात. भास्करबुवा आणि अल्लादिया खाँ ऐकता येत नाहीत, त्यांचं ध्वनिमुद्रणच नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचा संस्थापक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचा गवई, एकोणीसशे सेहेचाळीसपर्यंत मुंबईत हयात असलेला माणूस, आणि त्याचा एकही स्वर उरलेला नाही. रेकॉर्ड कंपन्या 1902 पासून भारतात होत्या, तरीही नाही. बाखच्या हरवलेल्या कँटाटांसाठी युरोप हळहळतो. आपल्याकडं अख्खा अल्लादिया खाँ हरवला आहे.

तो उरला तो शिष्यांच्या गळ्यात. मोगूबाई कुर्डीकरांच्या गळ्यात, केसरबाईंच्या गळ्यात. खुला आकार, लांब दमसास, एका स्वरातून पुढच्या स्वरात जाताना न तुटणारी आस, मध्यलयीत तालाला वेटोळे घालत जाणाऱ्या पेचदार ताना, आणि ललितागौरी, नट कामोद यांसारखे जोडराग असे मांडणं की सांधा दिसू नये. केसरबाईंच्या आवाजात याला एक धार होती. मंद्रापासून तारापर्यंत आवाजाचा घेर सारखाच राही.

त्यांना मान मिळाला तो याच गाण्यावर. 1948 साली कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना ‘सूरश्री’ म्हटलं. 1953 साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, 1969 साली पद्मभूषण, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानं त्यांना राज्यगायिका केलं. पण बाई आपलं गाणं सहजी कुणाच्या हाती लागू देणाऱ्या नव्हत्या. रेडिओपासून त्या दूर राहिल्या. एच.एम.व्ही. आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्यांनी काही तबकड्या दिल्या आणि हात आखडता घेतला. 1960 च्या दशकात जाहीर मैफली थांबवल्या. आपली विद्या पूर्णपणे दिली ती एकाच शिष्येला, कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णींना.

या आडमुठेपणाची नालस्ती करणं सोपं आहे. ज्या बाईनं पाव शतक गुरूपुढं बसून एकेक राग कमावला, तिला तो तीन मिनिटांच्या तबकडीत कोंबून पानाच्या ठेल्यावर वाजलेला बघायचा नसेल, तर तिचं काय चुकलं? कलावंतिणीच्या घरात जन्मलेल्या बाईला स्वतःच्या गाण्यावर स्वतःची मालकी किती महाग पडली असेल, हेही लक्षात घ्यावं. तिनं ठरवलं तेव्हा, तिनं ठरवलेल्या माणसांपुढं ती गायली. आधीच्या पिढ्यांना हा अधिकार नव्हता.

लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरचं खोकं

व्हॉयेजरच्या तबकडीसाठी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीला मोजकेच महिने मिळाले होते. निर्माता टिमथी फेरिस, सर्जनशील दिग्दर्शक अ‍ॅन ड्रुयान. जगभरच्या संगीतातून काय घ्यावं हे विचारायला ते जाणकारांकडं गेले. त्यांत रॉबर्ट ब्राऊन होते. दक्षिण भारतीय मृदंगाचा अभ्यास केलेला, वेस्लियन विद्यापीठात आशियाई संगीताचे वर्ग उभे करणारा हा संगीतशास्त्रज्ञ. हिंदुस्थानी संगीतातून त्यांनी सुचवलं ते केसरबाईंचं ‘जात कहाँ हो’.

लक्षात घ्या, साल 1977 आहे. पाश्चात्त्य जगात भारतीय संगीत म्हणजे रविशंकरांची सतार. त्या लाटेत, दीड दशकापूर्वी गाणं थांबवलेल्या एका वृद्ध गायिकेची जुनी, खरखरणारी तबकडी कुणी का सुचवावी? कारण ब्राऊन यांनी ती ऐकली होती. दुसरं कारण शोधायची गरज नाही.

सुचवणं सोपं होतं, मिळणं अवघड. तबकडी बाजारात नव्हती. ड्रुयान यांनी न्यूयॉर्कची दुकानं पालथी घातली. अखेर लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या खोक्यात, न उघडलेल्या तीन प्रती निघाल्या. बाखसाठी ग्रंथालय होतं, केसरबाईंसाठी टेबलाखालचं खोकं.

20 ऑगस्ट 1977 रोजी व्हॉयेजर-2 उडालं, 5 सप्टेंबरला व्हॉयेजर-1. त्यानंतर अकराव्या दिवशी, 16 सप्टेंबर रोजी, केसरबाई मुंबईत वारल्या.

तबकडीवर त्यांची जागा शेवटून तिसरी आहे. आधी ग्वान पिंगहू यांचं चिनी कुचिन-वादन. नंतर टेक्ससचा अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन, आणि सर्वांत शेवटी बेटोव्हेनच्या चतुष्टकातली काव्हातिना. आपल्या मैफलीत भैरवीनंतर गाणं होत नाही. इथं भैरवीनंतर दोन जण गातात-वाजवतात, आणि ते खटकत नाही. जॉन्सनही बाईंसारखाच समाजानं बाहेर ठेवलेल्या घरातला होता आणि त्याचंही गाणं जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीनं वाचवलं.

पृथ्वीवर मात्र ही निवड बरीच वर्षं फारशी कुणाच्या कानी पडली नाही. हक्कांच्या गुंत्यामुळं तबकडीची प्रत सामान्य दुकानात मिळत नव्हती. 2016 साली ओझ्मा रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीनं लोकवर्गणी काढून पूर्ण संचाची नवी आवृत्ती जाहीर केली, पुढच्या वर्षी ती निघाली, आणि 2018 साली तिला संचाच्या मांडणीसाठी ग्रॅमी मिळालं. त्यानंतर केसरबाई एका नव्या श्रोत्यापर्यंत पोचल्या. या श्रोत्याला जयपूर घराणं ठाऊक नाही, अंत्रुज ठाऊक नाही, पण तो ती साडेतीन मिनिटं पुन्हापुन्हा ऐकतो.

कागद आणि गळा

हे सारं आनंदाचंच आहे. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. यानावर गेलेला तुकडा अस्सल आहे, आणि तरीही त्यात केसरबाईंचं मुख्य गाणं नाही. त्यांचं मुख्य गाणं म्हणजे ख्याल: एक राग, एक बंदिश, तास-दीड तास. त्यांच्या ललित, तोडी, गौड मल्हार, मालकंस, ललितागौरी, जौनपुरी, ककुभ बिलावल अशा तबकड्या ऐकताना कळतं, की तीन मिनिटांतही ही बाई रागाचा सांगाडा पुरा उभा करते. पण तो सांगाडाच. देह मैफलीत होता, आणि मैफली मुद्रित करू द्यायला बाई नाखूश होत्या. काही खाजगी मुद्रणं हाती आहेत, त्यांवरून देहाची कल्पना येते.

म्हणून बाखच्या पुनर्जन्माची तुलना केसरबाईंच्या अंतराळप्रवासाशी करू नये. ती धोंडूताईंशी करावी. मेंडेल्सोनला कागद वाचून जे करता आलं, ते धोंडूताईंना वर्षानुवर्षं समोर बसून, ऐकून, चुकून, बोलणी खाऊन करावं लागलं. 2014 साली त्या गेल्या. त्यांच्या शिष्या नमिता देविदयाल यांनी 2007 साली ‘द म्युझिक रूम’ या पुस्तकात केसरबाई आणि धोंडूताई दोघींना जिवंत उभं केलं. त्या पुस्तकानं नव्या पिढीला केसरबाईंचं नाव पोचवलं. नाव पोचवणं हे पुस्तकाचं काम. गाणं पोचवण्याचं काम पुस्तकाला जमत नाही.

संगीतशास्त्री भातखंड्यांनी बंदिशी छापल्या, त्यालाही शंभरेक वर्षं झाली. त्या छापल्यामुळं बंदिशीचे शब्द आणि स्वर वाचले. पण केसरबाईंचा ललित भातखंड्यांच्या पोथीतून कुणी उभा करू शकणार नाही, जसं बाखच्या कागदावरून मेंडेल्सोनला करता आलं. आपलं संगीत लिहिलेल्याच्या पलीकडं राहतं, आणि तीच त्याची श्रीमंती आहे. या श्रीमंतीची किंमतही आहे: गळा गेला की सगळं जातं. गळ्याच्या खालोखाल जो काही पुरावा उरतो, तो ध्वनिमुद्रणाचा. त्यामुळं आपल्याकडं टेपला तोच मान हवा, जो युरोपात हस्तलिखिताला मिळतो.

तो मान आपण देतो का? केरीत सूरश्री केसरबाई केरकर हायस्कूल आहे, तिथून किलोमीटरच्या आत त्यांचं जन्मघर आहे. कला अकादमी त्यांच्या नावानं दरवर्षी पणजीत संगीत समारोह भरवते. स्मरण होतं. जतन मात्र वेगळं काम आहे. ते मुख्यतः वैयक्तिक वेडातून झालं आहे. 1990 साली मुंबईत सुरेश चांदवणकर यांच्यासारख्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ काढली, मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं भारतीय तबकड्यांच्या याद्या वर्षानुवर्षं खपून तयार केल्या. त्यांच्यामुळं निदान काय काय निघालं होतं एवढं तरी कळतं. तबकडीच्या पलीकडं जे आहे, म्हणजे घरगुती मैफलींचे स्पूल, कॅसेटी, देवळातल्या उत्सवांची मुद्रणं, त्यांची यादी कुणाकडंच नाही.

ही मुद्रणं फोंड्यात, डिचोलीत, पेडण्यात, मुंबईच्या गिरगावात, कोल्हापुरात, बेळगावात घरोघरी आहेत. 1950 ते 1980 या काळात ज्यांच्या घरी टेपरेकॉर्डर होता आणि गाण्याचा नाद होता, त्या प्रत्येक घरी असण्याची शक्यता आहे. चुंबकीय फितीला गोव्याची दमट हवा सोसत नाही. बुरशी धरते, थर सुटतो, फीत चिकटते. दोनशे वर्षं टिकणारा कागद ती नव्हे. वायमारच्या आगीतून वाचलेले बाखचे कागद नशिबानं वाचले. आपल्या स्पूलना दर पावसाळ्यात आगीतून जावं लागतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. घराच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरशेजारी अशा फिती असतील तर त्या फेकू नका, आणि स्वतः वाजवूनही बघू नका, जुनी फीत जुन्या यंत्रावर तुटते. त्यांवर गायकाचं नाव, ठिकाण, वर्ष जे आठवत असेल ते आताच लिहून ठेवा, कारण ते आठवणारी माणसंही आता थोडीच उरली आहेत. मग त्या मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रासारख्या किंवा गुरुग्रामच्या ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’सारख्या संस्थेकडं विचारणा करून रूपांतरासाठी द्या. आणि गोवा सरकारनं हे काम पुढल्या समारोहाची वाट न पाहता फोंड्यातच सुरू करावं. त्यासाठी एक थंड, कोरडी खोली, चालू स्थितीतली दोन यंत्रं आणि ती हाताळणारा एक प्रशिक्षित माणूस पुरेल. केसरबाईंच्या तीन प्रती न्यूयॉर्कच्या खोक्यात सापडल्या. त्यांचा न ऐकलेला ललित कदाचित बांदिवड्याच्या एखाद्या माळ्यावर असेल. तो शोधायला कुणा ब्राऊननं यावं अशी वाट पाहू नये.